चंद्राचा ताप

कोजागरीच्या रात्री दूध चांदण्यात ठेवणाऱ्या आपल्या लोकांना चंद्र थंडच वाटतो. त्याला लावायचं विशेषणही ठरलेलं आहे, शीतल. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये बंगळुरूत काही माणसांना या शीतल चंद्राने चांगलाच घाम फोडला.

२२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं चांद्रयान-१ हे १२ नोव्हेंबरला चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत पोहोचलं. १४ तारखेला त्याने सोडलेली धडक-कुपी दक्षिण ध्रुवाजवळ आदळली आणि देशभर पेढे वाटले गेले. त्यानंतर जेमतेम दहा-अकरा दिवस गेले असतील. यानाच्या आतलं तापमान चढत चढत ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याचं इस्रोने जाहीर केलं. प्रकल्प संचालक एम. अण्णादुराई यांनी त्याचं कारणही सांगितलं. चंद्राच्या कक्षेतली उष्णता अपेक्षेपेक्षा जास्त निघाली होती. मग यान साधारण २० अंशांनी वळवण्यात आलं, काही उपकरणं बंद ठेवली गेली आणि तापमान सुमारे १० अंशांनी उतरलं. तापाने फणफणलेल्या माणसाला कुशीवर वळवावं आणि त्याच्याशी फार बोलू नये, तशातला हा उपचार.

पावणेचार लाख किलोमीटर दूर असलेल्या रोग्याच्या कपाळाला हात लावता येत नाही. यानात जिथे तापमापक बसवलेत, तिथलेच आकडे खाली येतात. दोन तापमापकांच्या मधल्या पत्र्याचं काय चाललंय, यान २० अंश वळवलं तर कोणती बाजू निवेल आणि कोणती तापेल, हे आधी कळायचं कसं? अशा वेळी अभियंत्याच्या हाताशी दुसरं एक यान असतं. ते संगणकात असतं आणि निव्वळ आकड्यांचं असतं. खरं यान आकाराला येण्याच्या कितीतरी आधी हे आकड्यांचं यान जन्माला येतं, तापवलं जातं, गार केलं जातं, हलवून हलवून खिळखिळं केलं जातं. या प्रकरणात त्याची ओळख करून घ्यायची आहे, आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा हेही पाहायचं आहे.

धाव

उष्णता आणि ताकद या दोन गोष्टी शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. गावच्या लोहाराकडे त्या एकाच भट्टीत भेटतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला धाव म्हणतात. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर ठेवायची, घणाने ठोकून बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, आणि आवळत जाणाऱ्या धावेखाली लाकडाचे सगळे सांधे करकरत एकमेकांत घट्ट बसतात. त्याला ना खिळा लागतो ना सरस.

याचा हिशेब मांडता येतो. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला तर घेर सुमारे पावणेचार मीटर होतो. लोखंड एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत १२ भागांइतकं वाढतं. धाव ४०० अंशांनी तापवली, तर तिचा घेर १८ मिलिमीटरने वाढतो आणि ती अलगद चाकावर उतरते. आता निवाल्यावर तिचा घेर चाकापेक्षा ४ मिलिमीटरने कमी भरणार असेल आणि लाकूड मुळीच दबत नाही असं मानलं, तर तिच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे २० किलो वजनाइतकी ओढ बसते. धाव जास्त लहान झाली तर चाक पिचतं, कमी लहान झाली तर उन्हाळ्यात निसटते. लोहाराला हे चार मिलिमीटर हाताच्या सवयीने कळतात, कारण त्याच्या आज्या-पणज्याने काही चाकं मोडून ते ज्ञान मिळवलेलं असतं.

उपग्रहाच्या बाबतीत ती चैन परवडत नाही. तिथे चाक एकच असतं आणि ते आभाळात गेल्यावर ठोकून सरळ करता येत नाही.

धावेचं गणित एका ओळीत सुटलं, कारण ती सगळीकडे सारखी जाड आणि सारखी तापलेली होती. उपग्रहाचा सांगाडा तसा सरळ नसतो. अॅल्युमिनियमच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या तावदानांवर इंधनाच्या टाक्या, बॅटऱ्या, कॅमेरे, शेकडो बोल्ट, किलोमीटरच्या हिशेबात मोजाव्यात इतक्या तारा. एक बाजू उन्हात, दुसरी काळ्याकुट्ट सावलीत. इथे एका ओळीचं सूत्र कोणाकडेच नाही. मग गुंतागुंतीचा आकार सोडवायचा कसा?

आमटीतली पळी

उत्तर स्वयंपाकघरात शोधू. उकळत्या आमटीत स्टीलची पळी सोडली आहे. तिचा दांडा किती तापेल? दांड्याचे मनातल्या मनात सहा तुकडे करा. पहिला आमटीत आहे, तो कायम १०० अंशांवर. शेवटचा तुमच्या हातात, तो कायम २० अंशांवर आहे असं समजू. मधले चार सुरुवातीला २० वरच आहेत. आता एकच नियम: दर खेपेला प्रत्येक तुकडा आपल्या दोन शेजाऱ्यांच्या तापमानाची सरासरी घेतो. हवेत जाणारी उष्णता सोडून देऊ.

पहिल्या खेपेला दुसरा तुकडा १०० आणि २० ची सरासरी घेऊन ६० वर जातो, बाकीच्यांना अजून पत्ताही नाही. दुसऱ्या खेपेला तिसऱ्याला बातमी लागते, तो ४० होतो. तिसऱ्या खेपेला दुसरा ७०, तिसरा ४० आणि चौथा ३०. चौथ्या खेपेला ओळ अशी दिसते: १००, ७०, ५०, ३०, २५, २०. वाड्यातल्या बातमीसारखी उष्णता एका बिऱ्हाडातून शेजारच्या बिऱ्हाडात सरकते आहे. पुरेशा खेपा केल्या की आकडे हलायचे थांबतात: १००, ८४, ६८, ५२, ३६, २०.

कागद-पेन्सिल घेऊन हे करणारा कोणीही संगणकीय प्रतिरूपणाचा गाभा समजला असं म्हणायला हरकत नाही. वस्तूचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला फक्त शेजाऱ्यांशी बोलायला लावायचं, आणि सगळ्यांची बोलणी मिटेपर्यंत फेऱ्या मारायच्या. तुकडे सहाऐवजी सहा लाख झाले तरी नियम तोच राहतो, बदलतो तो फक्त हिशेबनीस.

आता याच पळीत एक छोटासा बदल करू. चटका बसू नये म्हणून दांड्याच्या टोकाला फडकं गुंडाळलं, असं जाड की त्यातून उष्णता मुळीच बाहेर जात नाही. पळी तीच, स्टील तेच, सरासरीचा नियमही तोच. पुन्हा फेऱ्या मारा. या वेळी आकडे थांबतात ते सहाच्या सहा तुकडे १०० वर गेल्यावर! पाचवा तुकडा आधी ३६ वर होता, तोच आता उकळत्या आमटीइतका तापला. पळीच्या आत काहीही बदललं नव्हतं. बदललं ते फक्त टोकाला काय आहे, एवढंच.

वस्तूची जिथे बाहेरच्या जगाशी गाठ पडते, तिथे काय घडतं हे आपण संगणकाला सांगावं लागतं. अभियंते त्याला ‘बाउंडरी कंडिशन’ म्हणतात. आपण सीमेवरची अट म्हणू. आतला हिशेब संगणक चोख करतो, पण सीमेवर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. हात आहे की फडकं, हे तुम्ही सांगायचं. चुकीचं सांगितलंत तर तो तितक्याच चोखपणे, दशांशानंतरच्या सहा आकड्यांसकट चुकीचं उत्तर देतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुकड्यांचं गणित

तुकडे पाडण्याची ही युक्ती घन वस्तूंच्या ताकदीसाठी विमानांच्या कारखान्यात पिकली. जेट विमानांचे मागे वळलेले आणि त्रिकोणी पंख आले, तेव्हा तुळईची जुनी सूत्रं त्यांना पुरेनात. बोइंग कंपनीतले टर्नर आणि त्यांच्यासोबत क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ मध्ये पंखाचा पत्रा छोट्या त्रिकोणांत विभागून त्याचा ताठरपणा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. मराठी पाठ्यपुस्तकी नाव परिमित घटक पद्धत, पण बंगळुरूच्या कुठल्याही डिझाइन ऑफिसात बसलेला कोल्हापूरचा किंवा बेळगावचा पोरगा ‘एफईएम’ किंवा ‘एफईए’च म्हणतो. त्याची दिवसभराची भाषाही ठरलेली असते: मेश मारला, नोड जुळले नाहीत, रन लावून जेवायला गेलो, येऊन बघतो तर सॉल्व्हर आपटलेला.

पळीत प्रत्येक तुकड्याजवळ तापमान हा एकच आकडा होता. ताकदीच्या हिशेबात तुकड्याच्या प्रत्येक कोपऱ्याला, म्हणजे नोडला, विचारावं लागतं की तू कुठल्या दिशेला किती सरकलास. पातळ पत्र्याच्या रचनेत एका नोडचे सहा प्रश्न होतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं. एक लाख नोड म्हणजे सहा लाख अज्ञातं आणि तितकीच समीकरणं. हाताने हे सोडवायला जन्म पुरणार नाही. पण प्रत्येक नोड फक्त शेजाऱ्यांशीच बोलत असल्यामुळे या प्रचंड तक्त्यातली बहुतेक घरं शून्य असतात, आणि शून्यांना वगळून गणित करण्यात संगणक वाकबगार झालेत.

तापमान आणि ताकद यांची सांगड कशी घालतात ते एका उदाहरणाने पाहू. चांद्रयान-१ वरचा नकाशे काढणारा कॅमेरा १०० किलोमीटरवरून जमिनीवरचा ५ मीटरचा ठिपका वेगळा ओळखत होता. आता कल्पनेने असा कॅमेरा एक मीटर अंतरावरच्या दोन अॅल्युमिनियमच्या पायांवर ठेवू, प्रत्येक पाय १० सेंटिमीटर उंच. एक पाय दुसऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त तापला, तर तो ०.०४६ मिलिमीटरने उंच होतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्या कलाने कॅमेऱ्याची नजर १०० किलोमीटरवर जवळजवळ पाच मीटर सरकते, अख्खा एक ठिपका. म्हणून आधी तापमानाचं मॉडेल चालवायचं, त्याने दिलेले आकडे सांगाड्याच्या मॉडेलला द्यायचे आणि कोणता पाय किती वाढला ते पाहायचं. लोहाराची धाव इथे कॅमेऱ्याच्या पायात आली.

पोलादाचा नखरा

सीमेवरची अट बरोबर दिली तरी एक धोका उरतो: तुकडाच खोटं बोलत असेल तर? या प्रश्नाचं एक मोलाचं उत्तर बंगळुरूतच निघालं, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये. १९५९ मध्ये सुरू झालेली ही प्रयोगशाळा सगळे ‘एनएएल’ म्हणून ओळखतात.

स्टीलची पातळ फूटपट्टी घ्या. एक टोक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं बोटाने खाली करा. सहज वाकते. हीच पट्टी संगणकात साध्या, सरळ कडांच्या तुकड्यांनी बनवली की विचित्र प्रकार व्हायचा. ती वाकायचंच नाव घेत नसे. पट्टी जितकी पातळ करावी तितकी ती हट्टाने ताठ! पातळ वस्तू सहज वाकायला हवी, इथे उलटी गंगा. तुकड्याची लांबी पट्टीच्या जाडीच्या दसपट धरली, तर स्टीलच्या बाबतीत हे मॉडेल खऱ्या पट्टीपेक्षा तेहतीसपट ताठर निघतं. संगणकाने बेरीज-वजाबाकीत चूक केलेली नसते. कोणी हे उत्तर खरं मानून पत्रा निवडला, तर तो पत्रा पहिल्याच हादऱ्याला दुमडेल.

या दुखण्याला ‘लॉकिंग’ म्हणतात, म्हणजे कुलूप लागणं. जगभर त्यावर घरगुती औषधं चालली होती. हिशेबातला काही भाग मुद्दाम ढिला केला की कुलूप उघडतं, हे लोकांना ठाऊक झालं होतं. ते का उघडतं, हे नीट कोणी सांगत नव्हतं. एनएएलमधले गंगन प्रथाप आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात याच ‘का’च्या मागे लागले.

त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं मांडता येईल. पट्टी वाकते तेव्हा तिच्यात दोन गोष्टी होतात: एक म्हणजे वक्रता येते, आणि दुसरी म्हणजे तिचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात. पातळ पट्टीत ही घसरण जवळजवळ शून्य असते. घसरण ही दोन राशींच्या वजाबाकीतून मिळते. सरळ कडांच्या साध्या तुकड्यात त्यातली एक राशी संपूर्ण तुकडाभर एकच असते आणि दुसरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलते. मग दोहोंची वजाबाकी सगळीकडे शून्य व्हायची कशी? ती एकाच मार्गाने होते: बदलणाऱ्या राशीने बदलायचं सोडून दिलं तर. पण तिचं बदलणं म्हणजेच पट्टीचं वाकणं. थोडक्यात, ‘घसरू नकोस’ या अटीतून तुकडा नकळत ‘वाकूही नकोस’ ही अट पदरात पाडून घेतो. एका पायाला दुसऱ्याशी बांधून नाचायला सांगावं, तसं.

त्यावरचा उपाय या निदानातूनच येतो. वजाबाकीतल्या दोन्ही राशी एकाच तोलाच्या करून घ्यायच्या आणि जोड नसलेला भाग आधीच गाळायचा. प्रथाप यांनी या विचाराला क्षेत्रसुसंगतीचं रूप दिलं आणि १९९३ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य मला असं वाटतं, की इलाज माहीत असतानाही त्यांनी रोगाचं कारण शोधलं. कारण कळलं की चुकीचा आकार आधीच सांगता येतो, किती ताठरपणा खोटा आहे तो आकडा कागदावर मांडता येतो. वरचा तेहतीसपट हा आकडा तसाच, संगणकाला हात न लावता काढता येतो.

निर्वात खोलीतली परीक्षा

एनएएलपासून थोड्याच अंतरावर विमानपुऱ्यात इस्रोचं उपग्रह केंद्र आहे. १९७५ चा आर्यभट पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये जुळवला गेला होता. पुढे विमानपुऱ्यात केंद्र वाढलं, आणि २०१८ पासून ते यू. आर. राव उपग्रह केंद्र या नावाने ओळखलं जातं. चांद्रयान इथलंच अपत्य.

उपग्रहाच्या तापमानाचं मॉडेल पळीसारखंच असतं, फक्त त्यात हवा नाही. पृथ्वीवर गरम वस्तू वाऱ्याने निवते. अंतराळात फुंकर घालायला कोणी नाही. उष्णता एक तर धातूतून धातूत सरकते, नाही तर प्रारण होऊन निघून जाते. म्हणून उपग्रहाला सोनेरी-चंदेरी पातळ पडद्यांच्या अनेक पदरी गोधडीत गुंडाळतात, आणि काही ठिकाणी खिडक्या ठेवतात. या खिडक्यांवर काचेचे खास आरसे चिकटवलेले असतात. ते सूर्याचा उजेड परतवून लावतात, आणि आतली उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर फेकतात. हे आरसे नेमके उलटतात कधी, ते पुढे येईलच.

मॉडेलमधल्या काही आकड्यांवर कोणाचाच पुरता भरवसा नसतो. बोल्टने आवळलेले दोन पत्रे घ्या. डोळ्यांना ते चिकटलेले दिसतात, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात. जमिनीवर मधल्या फटीत हवा असते आणि ती थोडी उष्णता वाहते. निर्वातात तीही नाही. मग त्या जोडातून नेमकी किती उष्णता जाईल? ते बोल्ट किती आवळला, पत्रा किती गुळगुळीत, मध्ये काही भरलंय का, यावर ठरतं. हा आकडा पुस्तकातून उचलून भागत नाही.

म्हणून खऱ्या उपग्रहाला एका मोठ्या पोलादी कोठीत ठेवतात, हवा उपसून काढतात, कोठीच्या भिंती द्रव नायट्रोजनने गोठवतात आणि आतून दिवे-शेगड्यांनी उपग्रह तापवतात. दिवसचे दिवस ही परीक्षा चालते. तापमापकांचे आकडे मॉडेलच्या आकड्यांशेजारी मांडले जातात. जिथे जमत नाही तिथले जोडांचे आकडे सुधारून मॉडेल पुन्हा चालवतात, जोपर्यंत दोघांचा मेळ काही अंशांत बसत नाही तोपर्यंत. मग मॉडेल खरं झालं असं मानायचं का? पळी आठवा. कोठीतल्या परीक्षेने पळीचा दांडा पक्का झाला. टोकाला हात असेल की फडकं, हे कोठीला कुठून कळणार? कोठीच्या भिंती गार ठेवल्या कारण अवकाश गार असतं. चंद्र किती तापलेला असेल हा आकडा बाहेरून द्यावा लागतो.

खिडकीतून आलेली उष्णता

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांचा अनुभव बंगळुरूला तीन दशकांहून अधिक होता. पृथ्वीचा स्वभाव संयमी आहे. ढग आणि समुद्र यांच्यामुळे दिवसाही तिच्यातून अवरक्त उष्णता दर चौरस मीटरला सरासरी २४० वॉटच्या आसपासच बाहेर पडते. चंद्राला हवा नाही, समुद्र नाहीत, आणि त्याची माती उष्णता आत जाऊ देत नाही. दर चौरस मीटरला १३६१ वॉटने पडणाऱ्या उन्हातला जेमतेम आठवा भाग तो परावर्तित करतो, उरलेल्याने त्याचा वरचा थर तव्यासारखा तापतो आणि ती उष्णता जवळजवळ तशीच वर फेकतो. भर दुपारी विषुववृत्तावर त्याचा पृष्ठभाग १२० अंशांपर्यंत जातो आणि सुमारे १२०० वॉट अवरक्त उष्णता सोडतो. म्हणजे पृथ्वीच्या पाचपट!

आता ते आरसे आठवा. अवरक्त किरण बाहेर सोडण्यात जो पृष्ठभाग तरबेज, तो अवरक्त किरण शोषण्यातही तितकाच तरबेज असतो, हा भौतिकशास्त्राचा न टळणारा नियम आहे. सूर्याचा उजेड परतवणारा आरसा चंद्राची अवरक्त उष्णता मात्र बिनतक्रार आत घेतो. धूर जावा म्हणून उघडलेल्या खिडकीतून शेजारच्या भट्टीची झळ आत यावी, तसं.

त्यात वेळ आडवी आली. ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेचं प्रतल अवकाशात जवळजवळ स्थिर राहतं आणि सूर्य त्याच्याभोवती वर्षभरात एक फेरी घालतो. त्यामुळे वर्षातून दोनदा यान चंद्राच्या ऐन दुपारवरून जातं आणि दोनदा उजेड-अंधाराच्या सीमारेषेवरून. नोव्हेंबर-डिसेंबर २००८ हे दिवस ऐन दुपारचे होते. सूर्य, यान आणि चंद्र एका रेषेत आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. वर सूर्य, खाली तापलेला तवा. जानेवारीपर्यंत उपकरणं एका वेळी एकच चालवून दिवस काढावे लागले.

१९ मे २००९ ला यानाची कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेली. तेव्हा विस्तृत चित्रणासारखी कारणं जाहीर झाली. मोहीम संपल्यावर सप्टेंबरमध्ये उपग्रह केंद्राचे तेव्हाचे संचालक टी. के. अॅलेक्स यांनी मोकळेपणाने सांगितलं, की १०० किलोमीटरवर तापमान सुमारे ७५ अंश राहील असं धरलं होतं, ते त्याहून वर गेलं, म्हणून कक्षा उंचवावी लागली.

१०० किलोमीटरने असा काय फरक पडतो? चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर. चंद्राकडे तोंड केलेल्या सपाट पत्र्यावर १०० किलोमीटर उंचीवर पृष्ठभागाच्या उष्णतेचा सुमारे ८९ टक्के भाग पोहोचतो आणि २०० वर ८० टक्के. म्हणजे येणारी उष्णता दशांशाने घटते. पण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं, त्यामुळे ७५ अंशांवरचा पत्रा केवळ नऊ अंशांनी निवतो. इतकी धावपळ करून नऊ अंश! तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत नऊ अंश ही थोडकी बाब नव्हे.

दोन वर्षांसाठी आखलेल्या मोहिमेचा संपर्क २९ ऑगस्ट २००९ च्या पहाटे, ३१२ दिवसांनी तुटला. तोवर ३४०० हून अधिक प्रदक्षिणा झाल्या होत्या, आणि चंद्रावरच्या पाण्याचा पुरावाही पदरी पडला होता. मुकं झालेलं यान नंतरही फिरत राहिलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रडारनी त्याला चंद्राभोवती पुन्हा हुडकून काढलं. आणि २०१९ पासून चांद्रयान-२ चं परिभ्रमक यान त्याच १०० किलोमीटरच्या कक्षेत वर्षानुवर्षं काम करतं आहे. तापलेला तवा आता मॉडेल करणाऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे.

एक मीटर अलीकडे

२३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्राच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला. त्याच्याबरोबर ‘चेस्ट’ नावाचं उपकरण होतं. थिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसोबत बनवलेलं. दहा तापमापक लावलेली एक सळई चंद्राच्या मातीत १० सेंटिमीटर खुपसायची, एवढंच त्याचं काम. वरून किरण मोजून काढलेला अंदाज नव्हे, थेट मातीत घातलेला तापमापक, आणि तोही इतक्या वरच्या अक्षांशावर. चार दिवसांनी प्रसिद्ध झालेल्या आलेखात पृष्ठभाग चांगलाच तापलेला आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे १० अंश दिसत होते. विताच्या आत उन्हाळा आणि हिमालय.

नंतरच्या सविस्तर विश्लेषणात आणखी एक गोष्ट पुढे आली. सळई घुसली तिथे कमाल तापमान ८२ अंश होतं, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त. फक्त एक मीटर पलीकडे सपाट जमिनीवर ५९ अंश. मातीचा प्रकार एकच, सूर्यही एकच. फरक इतकाच, की सळईखालची जमीन सूर्याच्या बाजूला सहा अंशांनी कललेली होती.

हे पळीच्या हिशेबाने पडताळून पाहता येतं. त्या अक्षांशावर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येतो, ऊन तिरपं पडतं. जमीन सहा अंश कलली की सूर्याला ती २७ अंशांवर असल्यासारखी भेटते आणि तिच्यावर पडणारं ऊन सव्वापटीहून थोडं जास्त होतं. चौथ्या घाताचा नियम लावला की तापमान सुमारे २० अंशांनी वर जातं. मोजलेला फरक २३. आतलं गणित बरोबर होतं, ते शाळकरी त्रिकोणमितीत बसतं. माहीत नव्हता तो पायाखालचा उतार.

पुढच्या लँडरसाठी बंगळुरूत कोणी नवा मेश मारायला बसेल, तेव्हा ‘चंद्राचं तापमान किती?’ एवढं विचारून त्याचं भागणार नाही. कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूला आणि कुठल्या उतारावर, हेही विचारावं लागेल.